डस्क सर

नगर जिल्ह्यात तालुके 14, आणि कशाने ना कशाने झपाटलेला इंग्रजीचा एक सर तालुक्यागणिक ठरलेलाच. आडनावं वेगळी, शाळा वेगळ्या, गाडी बहुतेक जुनी हिरो होंडा. माणूस मात्र एकच. शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यातलं लाल कधीही न आटणारं. कुणाला टेन्सचं वेड, कुणाला प्रीपोझिशनचं. पॅसिव्ह व्हॉइसचं वेड असलेले एक सर लग्नाच्या पंगतीतून उठताना 'माझ्याकडून चार जिलब्या खाल्ल्या गेल्या' असं सांगत. आमच्या वाट्याला आले ते सर अंधाराचे. अंधाराला, अंधारून येण्याला, उजेड विझत जाण्याला इंग्रजीत जेवढे म्हणून शब्द आहेत तेवढे त्यांना पाठ. विषय कांद्याच्या भावाचा असो की सरपंचाच्या निवडणुकीचा, तिसऱ्या वाक्याला सर अंधारावर येणार. पोरांनी त्यांचं नाव 'डस्क सर' ठेवलं. मस्टरवरचं नाव पगारापुरतं उरलं.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. पुढच्या पाच-सहा वर्षांत भारनियमनाने खेड्यापाड्यांतून कायमचा मुक्काम ठोकला. म्हणजे इंग्रजीचं पुस्तक गावात पोचलं आणि ते वाचायची लाइट गेली. गळती आणि वसुली बघून फीडरचे ए, बी, सी, डी असे गट पाडले होते. अक्षर जितकं पुढचं तितका अंधार लांबडा. आमचं गाव नेवासा आणि शेवगावच्या मधलं, आणि बिलं भरण्याच्या बाबतीत आम्ही वर्णमालेत बरेच पुढे होतो. सर कंदिलाशेजारी वीरकरांची डिक्शनरी घेऊन बसत. एका रात्री ते 'डार्क' बघायला गेले. तिथून 'डिम'ला, 'डिम'वरून 'डस्क'ला, 'डस्क'वरून 'ग्लोमिंग'ला असे पानं उलटत निघाले, ते लाइट आली तेव्हा 'टेनेब्रस'वर होते. लाइट आल्याचं त्यांना वाईट वाटलं म्हणतात.

तेव्हापासून त्यांनी एक दोनशेपानी वही सुरू केली. ती मी पाहिली आहे. चार रकाने: शब्द, स्पेलिंग, अर्थ आणि 'कुठे आढळला'. पहिले तीन डिक्शनरीतून उतरवलेले. चौथा सरांचा स्वतःचा. त्यातल्या नोंदी अशा:

डिम – ग्रामपंचायतीसमोरचा बल्ब, मळ्यातल्या मोटारी चालू झाल्यावर.
फ्लिकर – तोच बल्ब, वारा सुटल्यावर.
ग्लूम – उसाचा पहिला हप्ता जाहीर झाल्यावर पारावर.
मर्क – डिसेंबरात सकाळी, प्रवरासंगमच्या पुलावर.
सॉम्बर – शिक्षणाधिकारी येऊन गेल्यावर स्टाफरूम.
पिच डार्क – अमावस्या, बारे द्यायला जाताना, बॅटरीचे सेल संपलेले.
टेनेब्रस – अद्याप आढळला नाही. शोध चालू.

वर्गात हे ज्ञान उतरलं, पण आपापल्या वाटेने. 'पिच डार्क' म्हणजे काय, असं सरांनी विचारलं तेव्हा आठवीतल्या पोराने ताडकन उत्तर दिलं, "खेळपट्टीवर अंधार पडला, मॅच थांबली." जहीर खान ज्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा, त्या जिल्ह्यात पिच म्हटल्यावर पोरांना दुसरं काही सुचणार नाही. इथली पिच म्हणजे डांबर, असं सरांनी समजावलं. पोरांनी डांबर कधीच पाहिलेलं नव्हतं, कारण आमचा रस्ता तेव्हा मंजूर होता. 'ट्वायलाइट'ने तर वेगळाच घोळ केला. तास चालू असताना एकाने करंगळी वर करून विचारलं, "सर, मे आय गो टु ट्वायलाइट?" सर क्षणभर भारावले. मग करंगळीकडे लक्ष गेलं. तरी ते म्हणाले, "जा. पण परत येताना स्पेलिंग घेऊन ये."

सरांचा एक जुना दावा होता: इंग्रजी ही मुळात नगरचीच भाषा आहे. पुरावे ते बोटांवर मोजत. सावित्रीबाई फुले ज्यांच्याकडे शिकवायला शिकल्या त्या अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार नगरला शाळा चालवत. साऱ्या इंग्लंडला रेडिओवरून हसवणारा स्पाइक मिलिगन 16 एप्रिल 1918 ला नगरला जन्मला. आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात, 1944 साली, कैदेत असताना. "मौलाना आझादांनी त्याच किल्ल्यात उर्दूत लिहिलं," असं इतिहासाच्या सरांनी एकदा मध्येच सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं आणि चौथं बोट मोजलं नाही. जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झाल्यावर फॉर्मवर तेच लिहायचं असा दंडक त्यांनी सगळ्या शाळेला घातला, आणि दुपारी कंडक्टरकडे सुटे पैसे देत म्हणाले, "एक नगर."

नेहरूंवरून सर साहजिकच अंधारावर आले. गांधीजींची हत्या झाली त्या संध्याकाळी, 30 जानेवारी 1948 ला, नेहरू रेडिओवर इंग्रजीत बोलले. आपल्या आयुष्यातली लाइट गेली, असं म्हणाले. हे सांगताना सरांचा आवाज जड झाला होता. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारलं, "सर, मग आली कधी?"

दुसरा कुणी असता तर छडी उगारली असती. सर गंभीरपणे म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. नेहरूंनी लगेच स्वतःला दुरुस्त केलं. ते म्हणाले, मी चुकलो, ही साधीसुधी लाइट नव्हती, हजार वर्षांनीही ती दिसत राहील."

"म्हणजे आपल्या फीडरवरची नव्हती," पोरगं म्हणालं आणि वहीत लिहून घेतलं.

सरांच्या आयुष्यातला मोठा प्रयोग म्हणजे सहावी-सातवीची सहल. नगरहून पाथर्डी रस्त्याला डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे. नाव चांदबिबीचं, कबर सलाबतखानाची. पण त्यात आता कुणी पडत नाही. तीन मजली, अष्टकोनी, चारी बाजूंनी उघडी इमारत. खाली सगळं नगर दिसतं. मावळतीला तिथे नेऊन पोरांकडून इंग्रजी संध्याकाळ पाठ करून घ्यायची, अशी सरांची योजना होती. अकरा शब्द, अकरा पोरं, हातात पुठ्ठे. उजेड जसजसा उतरेल तसतसा ज्याचा शब्द येईल त्याने पुठ्ठा वर करायचा. सनडाउन, डस्क, ट्वायलाइट, ग्लोमिंग, इव्हनटाइड... शेवटी नाइटफॉल. नाइटफॉलचा पुठ्ठा वर्गातल्या सगळ्यात उंच पोराकडे.

सूर्य बुडाला. सनडाउनवाल्याने पुठ्ठा वर केला. सरांनी घड्याळ लावलं. डस्क व्यवस्थित झाला. ट्वायलाइटवाला लाजत होता, त्याला ढकलावं लागलं. ग्लोमिंगला मात्र गडबड झाली. सर ग्लोमिंग आणि डस्क यांतला फरक सांगायला लागले: स्कॉटलंडचा शब्द, जुन्या इंग्रजीतून आलेला, त्यात उजेडाचा एक लडिवाळ रेंगाळलेपणा आहे. तो रेंगाळलेपणा सांगून संपेपर्यंत पुठ्ठ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. सात शब्द हातात तसेच राहिले. उंच पोरगं नाइटफॉल घेऊन अंधारात उभं होतं, ते कुणाला दिसलं नाही. खालून एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

दोष सरांचा नव्हता, अक्षांशाचा होता. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश उतरेपर्यंत जो उजेड राहतो तो पहिला संधिप्रकाश, 12 अंशांपर्यंतचा दुसरा, 18 अंशांपर्यंतचा तिसरा. त्यानंतर खरी रात्र. नगर उत्तरेला साधारण 19 अंशांवर. इथे सूर्य बराचसा सरळ खाली जातो, शेवटची गाडी पकडायची असल्यासारखा, आणि पहिला टप्पा 23-24 मिनिटांत आटोपतो. लंडनला तो तिरका उतरतो. जूनअखेरीस तिथे हाच टप्पा पाऊण तासावर जातो, आणि सूर्य 18 अंश खाली पोचतच नाही, म्हणून पुरती रात्र अशी होतच नाही. आणखी उत्तरेला शेटलंड बेटांवर उन्हाळ्यातल्या त्या रात्रभर न विझणाऱ्या उजेडाला 'सिमर डिम' असं नाव आहे. एवढी सवड मिळाल्यावर माणसं शब्द करणार नाहीत तर काय करणार? सरांनी हे सगळं परतीच्या गाडीत पोरांना सांगितलं. पोरं झोपली होती. ड्रायव्हर जागा होता, तो म्हणाला, "सर, मग तिकडं अपर-डिपर मारायचा कधी?"

घरी मात्र सरांचं काही चालत नसे. वहिनींचं संध्याकाळचं वेळापत्रक डिक्शनरीच्या आधीपासूनचं होतं. तिन्हीसांजेला झोपायचं नाही, उंबऱ्यावर बसायचं नाही, केर बाहेर टाकायचा नाही, शेजारीण मीठ मागायला आली तर 'सकाळी ने' म्हणायचं. सर अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे बघत 'इव्हनटाइड... इव्हनटाइड' असं पुटपुटत बसले की आतून हाक यायची, "अहो, दिवेलागण झाली, बटण दाबा!"

एकदा सरांनी त्यांना वही दाखवली. वहिनींनी सगळी पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एवढे शब्द झाले, पण दिवा लाव असं एकही सांगत नाही."

सरांनी त्या रात्री वहीत पाचवा रकाना आखला: 'काय करावे'. तो बरेच महिने कोराच राहिला.

गावाला सरांच्या शब्दांची गरज नव्हती असं नाही. फक्त गरज गावाची होती आणि सरांना ती कळत नव्हती. उसात बिबट्या दिसू लागला तेव्हा वनखात्याचे लोक शाळेत माहिती द्यायला आले. अकोले तालुक्याच्या बागायती पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, तिथेच पिलं वाढवतात, दिवसभर माणसाच्या हाकेच्या अंतरावर दडून असतात आणि अंधार पडला की हिंडतात, हे अभ्यासकांनी कॅमेरे लावून दाखवलेलं आहे. तेच त्यांनी सांगितलं. शेतीला लाइट कधी दिवसा, कधी रात्रीची. रात्रीची पाळी असली की दारं धरायला अंधारातच जावं लागतं. त्यामुळे सभा गच्च भरली होती. शेवटी आभार मानायला सर उठले आणि म्हणाले, "थोडक्यात, बिबट्या क्रेपस्क्युलर आहे."

सभेत कुजबुज झाली. एक म्हातारा उठून म्हणाला, "सर, मग कुत्र्यांना बी व्हईल का त्ये? लस हाय का?"

क्रेपस्क्युलर म्हणजे सांजसकाळी फिरणारा, हे सरांनी तीनदा सांगितलं. तरी पुढे महिनाभर जनावरांच्या डॉक्टरकडे लोक चौकशी करत होते. शब्द गावात शिरला, फक्त रोग होऊन. 'मर्की'चंही तेच. सरांना धुकं म्हणायचं होतं; गावाने तो डिझेलसाठी घेतला. पंपावर ट्रॅक्टरवाले बाटलीत डिझेल धरून उन्हात बघत आणि म्हणत, "मर्की हाय, नको." सर हे ऐकून स्टाफरूममध्ये दुःखाने सांगायचे, "आयुष्य घातलं, पण या तालुक्यात दोन शब्दांतला फरक कळणारा एक माणूस मिळाला नाही."

असा माणूस होता. तो विजेच्या खांबावर होता.

त्याचं झालं असं. एका उन्हाळ्यात सरांच्या आळीची लाइट धड जाईना, धड येईना. सरांनी अर्ज केला, तोही इंग्रजीत. त्यांचं म्हणणं असं की मराठी अर्ज फायलीला लागतो, इंग्रजी अर्ज आधी वाचावा लागतो. विषय होता: आमच्या आळीतील पेनंब्रल ग्लूमबाबत. आत दीड पान. उजेड आहे पण तो उजेड नव्हे, अंधार आहे पण तो पूर्ण नव्हे, असं सगळं सरांनी बारकाईने मांडलेलं. इंजिनिअर साहेबांनी तो दोनदा वाचला, वायरमनला बोलावलं आणि अर्ज त्याच्या हातात देऊन म्हणाले, "यांच्याकडे काहीतरी झालंय. बघून ये."

वायरमन आला. दहावीला सरांच्याच हाताखाली इंग्रजीत दोनदा नापास झालेला. खांबावर न चढताच त्याने आळीत चक्कर मारली. एका घरात बल्ब लागलेला, शेजारच्या दोन घरांत अंधार, पुढे परत उजेड. म्हणाला, "सर, एक फेज गेलीय. डीपीवरचा डीओ फ्यूज उडाला असंल. एवढंच लिहायचं की. हे दीड पान वाचून साहेबांना वाटलं, कुणाला करंट लागला."

"एक फेज गेली हा कारणाचा शब्द झाला," सर म्हणाले. "मी परिणामाचं वर्णन केलं. ग्लूम."

वायरमन विचारात पडला. फोन करणाऱ्या लोकांचा त्याला वीट आला होता. जो तो एकच सांगे: लाइट गेली. कुठली गेली, कशी गेली, शेजारी आहे का, पत्ता नाही. दर वेळी मोटारसायकल घेऊन बघायला जायचं, मग सामान आणायला परत फिरायचं. त्याने विचारलं, "सर, अर्धवट लाइटला ग्लूम, तर पूर्ण गेलीला काय?"

सरांनी वही आणली. दोघं ओट्यावर बसले. पाचवा रकाना, 'काय करावे', त्या संध्याकाळी पहिल्यांदा भरला गेला, आणि तो वायरमनने भरला.

डिम – व्होल्टेज कमी, मोटारींचा लोड. थांबावे.
फ्लिकर – जंपर लूज. शिडी.
ग्लूम – एक फेज गेली. डीओ बघणे.
पिच डार्क – डीपीला काहीतरी. किटकॅट, तार, हातमोजे, एक माणूस बरोबर.
ब्लॅकआउट – फीडर बंद. सबस्टेशनला फोन. चहा घ्यावा.

'टेनेब्रस'समोर त्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं: 'डीपी जळाली. नवी येईपर्यंत काही खरं नाही.' सर उठून उभे राहिले. शब्द अखेर आढळला होता.

त्यानंतर गावातून फोन गेला की वायरमन आधी विचारायचा, "डिम का ग्लूम?" महिन्याभरात सगळं गाव तयार झालं. वस्तीवरच्या आजीसुद्धा सांगायच्या, "आरं, डिम न्हाय, फ्लिकर करतंय, शिडी घिऊन ये." पोरांना परीक्षेत समानार्थी शब्द विचारले तर ती ठासून लिहायची की ग्लूम आणि पिच डार्क हे समानार्थी नाहीत, एकात डीओ बघतात आणि दुसऱ्यात माणूस लागतो. सरांनी पूर्ण मार्क दिले.

मग मेमधला वळीव आला. संध्याकाळी वारा सुटला, दोन बाभळी आडव्या झाल्या, सरांच्या घरची लाइट गेली. सरांनी फोन लावला आणि भरल्या आवाजात सांगितलं, "पिच डार्क!"

पलीकडे जरा शांतता. मग वायरमन म्हणाला, "सर, तुमच्या शेजारच्यांची सिरियल मला फोनात ऐकू येतेय."

"येत असेल. पण इथे माझ्याकडे..."

"तुमच्याकडे असंल. आळीत हाय ना लाइट? मग हे ग्लूम झालं. पिच डार्क म्हणलात की मला एवढ्या पावसात डीपीचं सगळं सामान आन् दुसरा माणूस घिऊन यावं लागतं. शब्द नीट वापरत जा, सर."

सरांनी फोन ठेवला. रागावले असतील म्हणून वहिनी मेणबत्ती घेऊन बाहेर आल्या, तर सर हसत होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, बाजारात, बँकेच्या रांगेत, भेटेल त्याला त्यांनी हीच हकिगत सांगितली, आणि दर वेळी शेवट एकच: "मला दुरुस्त केलं त्याने! इंग्रजीत! दोनदा नापास झालेल्या पोराने!" मुख्याध्यापकांकडे तर त्यांनी तोंडी शिफारसच केली की सहामाहीला समानार्थी शब्दांचा प्रश्न त्याच्याकडून तपासून घ्यावा.

ग्लूम दुरुस्त व्हायला मात्र सकाळचे अकरा वाजले. कारण आळीतल्या बाकीच्यांकडे लाइट होती, आणि यादीप्रमाणे आधी पिच डार्कवाले.